हिरवा दिवा

घाट उतरलो तेव्हा इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी जेमतेम उरली होती. संध्याकाळच्या उजेडात हॉटेलच्या अंगणातला चार्जर दुरूनच दिसला. वर हिरवा दिवा, अंगावर हळदकुंकू आणि दसऱ्याची झेंडूची माळ, सुकून काळी पडलेली. "चालू आहे बघा," बायको म्हणाली. ती माळ बघून मलाही जास्तच विश्वास वाटला. ज्याची पूजा होते ते चालत असणारच, असं आपण किती सहज धरून चालतो!

वायर जोडली. काहीच झालं नाही.

"पूजेनंतर आठवडाभरात बंद पडला तो," गल्ल्यावरून मालक म्हणाले.

"मग दिवा कशाला चालू ठेवलाय?"

"दिवा बघून गाड्या थांबतात, साहेब. बसा ना, पिठलं गरम आहे."

इतक्या प्रेमाने सांगितलं की भांडताही येईना. खोटं बोलणाऱ्याला चार शब्द सुनावता येतात. दिव्याला काय सुनावणार? चडफडत चार्जरपाशीच उभा राहिलो.

तेवढ्यात रस्त्यावर आमच्यासारखीच एक गाडी हळू झाली. "नको, नको" म्हणून मी दोन्ही हात जोरजोरात हलवले. चालवणाऱ्याला वाटलं, बोलावतोय. त्याने हसून हात केला आणि गाडी आत वळवली.