टेकाडावरचे ससे

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. पुढं माझी जी फजिती झाली, ती सांगताना मधे कुणी हसलेलं मला खपत नाही!

अंबाजोगाईचं कॉलेज सोडून मी घरी आलो. आबांचं, म्हणजे वडिलांचं, रोज एकच टुमणं: "आता काय करनार रं?" अहो, यांनी तरी जन्मभर काय केलं? कुंपणं घातली! डुकरं आली, घाल कुंपण. ढोरं आली, घाल कुंपण.

म्हटलं, दाखवतोच. आमच्या तलावात एक टेकाड आहे. पावसाळ्यानंतर चारी बाजूंनी पाणी. बेटच की! ना कुत्रं, ना कोल्हं. दिवाळीत ट्रकच्या ट्यूबवर बसून गेलो आणि पांढऱ्या सशांच्या दोन जोड्या तिथं सोडून आलो. बिनकुंपणाचं ससेपालन!

काकू बोंबलली, "आरं मुडद्या, माझ्या शेळ्यांचा उन्हाळ्याचा चारा हाय तो!"

"काकू, ससा केवढा, त्याचं पोट केवढं!"

पोट लहानच असतं हो. पण पोटं किती होतात, हे कुणी सांगितलं होतं का?

संक्रांतीला टेकाड पांढरं दिसायला लागलं. मी काठावरून फोटो काढून दोस्तांना पाठवतोय. आबा नुसते ओसरत्या पाण्याकडं बघतायत. बोलायच्या वेळी ही म्हातारी माणसं नेमकी गप्प बसतात!

मग माघातच तलाव आटला. बीड जिल्ह्यातला तलाव, आटणारच! मी सोडून शेळ्यांनासुद्धा हे माहीत होतं. काकू त्यांना घेऊन गेली, तर टेकाड भादरलेलं, नुसती बिळं. आणि ससे? वाळल्या गाळावरून थेट आबांच्या हरभऱ्यात!

काकू रडकुंडीला. "आता शेळ्या इकू व्हय रं?"

मी तोऱ्यातच समजावलं, "मोबाइलवर बघितलं मी. जगभर असंच होतंय. बाहेरचं जनावर बेटावर आणून सोडलं, की ते सगळं खाऊन टाकतं. त्याला खाणारं तिथं कुणी नसतं ना!"

आबांनी विचारलं, "मंग उपाय काय सांगितलाय?"

"आणून सोडलेलं आधी उचलायचं."

"ऐकलं का वैनी? अंबाजोगाईहून आलेलं हे आधी उचला."

हरभऱ्यात लोळून लोळून ससे मीच धरले. आता ते पिंजऱ्यात आहेत आणि मी काकूच्या शेळ्या घेऊन बांधोबांध हिंडतो. सकाळी काकू सशांपुढं पाला टाकते, माझ्यापुढं भाकर आपटते आणि दोघांना मिळून एकदाच म्हणते, "गिळा!"