फुकटचे तर्रीपोहे
तर्रीचा तिखट वास आला की मला वर्ध्यातली आमची सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची पहिली बैठक आठवते. सेवाग्राम रस्त्यावरच्या शिकवणीच्या खोलीत पंखा खडखडत होता आणि शेवटच्या रांगेत एक गृहस्थ हाताची घडी घालून बसले होते. लॅपटॉप नाही, पोह्यांना हात नाही. नजर मात्र माझ्यावर. नागपूरच्या कुठल्या कंपनीने आमची पोरं पळवायला पाठवलेला माणूस असणार, असं मी धरून चाललो. शेवटी जाऊन विचारलंच. "समोर बसली ते माही पोरगी आहे," ते म्हणाले. "समुद्रपूरहून संगं आलो. शिकवणं फुकट, पोहे फुकट. मंग विकून काय राह्यले तुम्ही?" "काहीच नाही, काका." "चेन मार्केटिंगवालेबी पयले असंच म्हणत होते. मंग गावभर साबण खपवाले लावले." बैठक संपली, कोणी काही विकलं नाही, तसा त्यांचा संशय आणखीच वाढला, निघताना त्यांनी टेबलाखालीही वाकून पाहिलं. आम्ही किती दिवस त्यावर हसत होतो. परवा माझी लेक नागपूरला अशाच एका फुकटच्या बैठकीला निघाली, तेव्हा मी मुकाट्याने गाडी काढली आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. पोहे गरम होते, तर्री लालभडक होती. मी हात लावला नाही.