कोलेस्ट्रॉलच्या पाठीवरचा दिवा

माझ्या गप्पांनी माणसं आडवी होतात, अशी अर्जुनी मोरगावच्या आसपास ख्याती आहे. ती मीच पसरवली, ते सोडा. धान रोवण्याच्या दिवसांत सुट्टी काढून बहिणीकडे गेलो की दुपारी जेवायला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, माझा दरबार भरायचा. त्या वर्षी इटियाडोह धरणातल्या सापासारख्या लांब वाम माशाची गोष्ट रंगली होती. शेपूट धरणात, डोकं अर्जुनीच्या बसस्टँडवर, आणि कंडक्टर त्याला म्हणतो, "तू चढून राहिला, पण बाकीचं अंग कोण आणून राहिलं?"

रोवणाऱ्या बायका पोट धरून हसल्या. माझी भाचीही हसली. कॉलेजात जाणारी, बहिणीची एकुलती एक. हसता हसता तिची मान लुळी पडली, गुडघे गेले आणि ती बांधीत, धानाच्या वाफ्यातल्या चिखलात, तोंडावर पडली.

"पाहा, याला म्हणतात गोष्ट," मी म्हणालो. पुन्हा हशा.

बहीण हसली नाही. पदरानं पोरीचं तोंड पुसत म्हणाली, "हासली का पडते हे. अन् आता खाली पाहाताही येत नाही तिले."

ते खरं होतं. रोपं लावताना नजर खाली वळत नव्हती, म्हणून ती अख्खी मान वाकवून हनुवटी छातीला टेकवायची, तरी ओळ वाकडी जायची. बायका चिडवायच्या, "आभाळात रोवून राहिली का वो?"

नागपूरच्या डॉक्टरांनी हसून पडणं आणि खाली न वळणारे डोळे, दोन्ही एकत्र जोडलं. पेशींच्या आत कोलेस्ट्रॉल अडकून बसतं, असा एक दुर्मिळ आजार असावा, म्हणाले. जनुकांची तपासणी पाठवली. आता योगायोग असा, की माझी नोकरीच ती. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत मी जिवंत पेशींत कोलेस्ट्रॉल कुठून कुठे जातं ते पाहतो. भाचीनं हट्ट धरला, "मामाजी, माह्यं तुम्हीच पाहा." डॉक्टरांनी आणि आमच्या सरांनी परवानगी दिली. तिच्या कातडीच्या कणभर तुकड्यातून वाढवलेल्या पेशी आमच्याकडे आल्या.

कोलेस्ट्रॉल दिसत नाही. म्हणून त्याच्या पाठीवर चमकणाऱ्या रेणूचा दिवा बांधायचा आणि पेशीत सोडायचं. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली क्षणभर प्रकाश टाकायचा, की ते हिरवं उजळतं. जास्त प्रकाश टाकला तर दिवा विटतो, पेशीही मरते. निरोगी पेशीत तो हिरवा उजेड काही वेळानं सगळीकडे पसरला, थेट काठापर्यंत. भाचीच्या पेशीत तो आत शिरला आणि मधोमध गाठी करून बसला. मी पाहत राहिलो. तो हललाच नाही.

या दिव्याची एक खोड आहे. तो जड पडला तर कोलेस्ट्रॉल भलत्याच वाटेनं जातं, म्हणजे दिवा थाप मारतो. जन्मात पहिल्यांदा, दुसऱ्या कुणीतरी थाप मारावी असं मला वाटलं. मी वेगळा, हलका दिवा बांधून पाहिलं. तशाच गाठी. मग जनुकांचा अहवालही आला. तोही तेच म्हणाला.

गावी गेलो तर भाची वाळून काडी झालेली. कोलेस्ट्रॉल हा शब्द ऐकल्याबरोबर बहिणीनं तिचं तूप, अंडी, मासोळी बंद करून टाकली होती.

"बाई, हे रक्तातलं नव्हे," मी म्हणालो. "कालव्याचं पाणी बांधीत येते, पण पुढच्या बांधीत जायची वाटच बुजली आहे. या बांधीत धान सडून राहिलं, पुढची कोरडी. आता कालवाच बंद केला तर दोन्ही मरतील."

भाचीनं विचारलं, "वाट उघडते का मामाजी?"

तिरोड्याच्या वीज केंद्राची चिमणी वाकून मला रस्ता विचारून गेली, असं मी भर चौकात सांगितलेलं आहे. पण इथे थाप मारता येईना. "औषध आहे," मी म्हणालो. "सडणं हळू करते. वाट उघडत नाही."

त्या दिवशी तिच्या ताटात मासोळी आली. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "त्या वामचं काय झालं?"

"ते राहू दे."

तिनं चटई ओढली, भिंतीला टेकून बसली, दोन्ही बाजूंना उश्या लावून घेतल्या. "आता सांगा. बसल्या बसल्या किती पडणार?"

मी बहिणीकडे पाहिलं. ती उठून पोरीजवळ जाऊन बसली. मी सुरू केलं, पण हात आखडता ठेवून; मासा मनगटाएवढा.

"मासा लहान काऊन केला?" भाची म्हणाली.

मग मी शेपूट पुन्हा धरणात सोडली. कंडक्टर आला, त्यानं घंटी वाजवली, आणि तिची मान ढळली. बहिणीनं हनुवटीखाली हात धरला. आम्ही दोघं थांबलो. थोड्या वेळानं मान वर आली, गालावर अजून हसू होतं.

"मंग?" ती म्हणाली.