देवापुढचं कासव

धुळ्यात घरोघरी फिशटँकची हौस शिरली होती, तेव्हाचा हा माणूस. बोळातल्या दुकानात मासे विकायचा आणि प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायचा, दुसऱ्यांदा जास्त जोरात.

"मासे कशाला भाऊ, कासव घ्या. कासव घ्या! घरात बरकत येते."

कासव विकायला बंदी आहे, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तरी मुलीच्या हट्टाचं निमित्त करून मी हजर! त्यानं पाठीवर चांदण्या असलेलं तळहाताएवढं कासव काढलं.

"मस्त खातंय. मस्त खातंय!"

तेवढ्यात दारात वनखात्याचे साहेब. मी घाईघाईनं टाकीतले मासे बघायला लागलो. त्यानं मात्र झटकन ते कासव देवाच्या तसबिरीपुढं जमिनीवर ठेवलं, देवळात दगडाचं असतं तसं.

साहेबांनी सगळं दुकान उचकलं, काही सापडलं नाही. जाताना सवयीनं ते तसबिरीपुढं वाकले, कासवाच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावला. आणि कासवानं मान बाहेर काढली! चालायलाच लागलं!

आता हा साहेबांचे पाय धरणार, असं मला वाटलं. तो तर नाचायलाच लागला.

"जित्तं शे! जित्तं शे! किती दिवस हाललंच नव्हतं हो साहेब!"

म्हणजे माझ्या गळ्यात तो काय मारणार होता, ते मला तेव्हा कळलं. पण रागवायला वेळ कुठे होता? दुकान उघडं टाकून, कासव छातीशी धरून, साहेबांनी 'चल ऑफिसात' म्हणायच्या आधीच तो आपणहून त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसला होता.

"पाय बघा भाऊ," तो वळून मला ओरडून म्हणाला, "पाय कसे मारतंय!"