टाचेवरचा थेंब

प्रसूतिगृहात तिला सगळे टाचमावशी म्हणत. नव्या बाळाची टाच टोचायची आणि कागदावरच्या पाच गोलांत रक्ताचे पाच थेंब टिपायचे, हे तिचं काम. एका गोलात एकच थेंब. वरून दुसरा टाकायचा नाही, बोट लावायचं नाही, कागद आडवा ठेवून वाळवायचा. मग तो प्रयोगशाळेत तपासणीला जाई. एकवीस वर्षांत तिचा एकही कागद परत आला नव्हता.

नात झाली तेव्हा लेकीने हट्टच धरला. "आई, तूच टोच."

"घरच्या बाळाला नको गं."

"का? आमची टाच काय सोन्याची आहे?"

कारण लेकीलाही माहीत होतं. तिच्या आधी मावशीला एक मुलगा झाला होता. नाकीडोळी नीटस, पण पाय हलवेना, मान धरेना. आठव्या महिन्यात गेला. डॉक्टरांनी हात टेकले, सासूने मावशीच्या दुधाला दोष दिला.

शेवटी मावशीने टोचलं. नजर कागदावर हवी, ती बाळाच्या तोंडावर. पहिला थेंब लहान पडला, म्हणून तिने त्यावर दुसरा टाकला. मग पाचही गोलांत तेच.

"मावशी, तुमचा कागद आणि परत?" प्रयोगशाळेतली बाई फोनवर हसली. "म्हाताऱ्या झालात."

"झाले ना. नुकतीच आजी झाले."

चार दिवस वाया गेले होते. तिने पुन्हा टोचलं, या वेळी ओठ चावून, फक्त टाचेकडे बघत. तिसऱ्या दिवशी त्याच बाईचा फोन आला. हसणं नव्हतं. "बाळाला घेऊन मोठ्या दवाखान्यात जा. आजच."

तिथली डॉक्टर लेकीच्याच वयाची. मावशीच्या गेलेल्या मुलाचं ऐकून तिने समजावलं, "एक जनुक बिघडलंय. आईबाप दोघांकडूनही बिघडलेलंच आलं. त्याने पाठीच्या कण्यातल्या पेशी मरत जातात, स्नायू लुळे पडतात. तुमच्या मुलालाही बहुधा हेच असणार."

"म्हणजे माझं दूध..."

"दुधाचा काय संबंध?"

मावशी खुर्चीत बसली. एकतीस वर्षं ती हे कुणाच्या तरी तोंडून ऐकायला थांबली होती.

"चांगलं जनुक आम्ही बाहेर तयार करतो," डॉक्टर सांगत होती, "निरुपद्रवी केलेल्या विषाणूत भरतो आणि शिरेतून सोडतो. एकदाच. पण मेलेल्या पेशी परत येत नाहीत, म्हणून घाई. पुढेमागे पोटातल्या बाळालाही काही देता येईल, त्यावर काम चाललंय."

"माझ्यामुळे चार दिवस गेले हो."

डॉक्टरने बाळाच्या तळव्याला गुदगुल्या केल्या. पाय झटकन मागे गेला. "हे बघा. अजून वेळ आहे."

तपासण्या उरकून तासभर औषध चढवलं. जावई नळीकडे बघून म्हणाला, "नुसतं पाणीच वाटतंय."

"त्या पाण्यात पाय आहेत तिचे," मावशी म्हणाली.

पाय कितपत चालतील, हे कुणीच सांगत नव्हतं. आठव्या महिन्यात नात चटईवर बसली. पाठीला उशी नाही, काही नाही. दोन्ही बाजूंनी मावशीचे हात.

"आई, काढ ना हात. बसलीये ती."

"बसलीये," मावशी कुजबुजली.

तिने आधी एक हात काढला. बऱ्याच वेळाने दुसरा.