मंगळवारचा वजनकाटा

ऐंशीच्या दशकात मी इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीतल्या एका हॉस्पिटलात डाएटिशियन होते आणि दर मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये व्यायामाचा क्लास घ्यायचे. अंगाला घट्ट बसणारा जांभळा लिओटार्ड, त्याखाली ट्रॅकसूटची पँट, कपाळाला गुलाबी पट्टी. पहिल्या दिवशी मला त्या अवतारात बघून नवरा म्हणाला, "अगं, शेजारी पोलिसांना बोलावतील." मी म्हणाले, "अहो, तुम्ही तुमचे पेशंट सांभाळा." माझी जीभ तेव्हाही अशीच होती.

क्लासला वीसेक बायका यायच्या, बहुतेक जमैकाहून येऊन इथे स्थायिक झालेल्या. कुणी नर्स, कुणी शाळेत मुलांचं जेवण बनवणारी, कुणी शिवणकाम करणारी. कुणाला ब्लडप्रेशर, कुणाला शुगर, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे धाडलेल्या. भिंतीवर मी एक पोस्टर लावलं होतं, चवळीच्या शेंगेसारख्या गोऱ्या बाईचं. हॉलमधली एकही बाई तिच्यासारखी दिसत नव्हती, मी तर नाहीच नाही. पण हे तेव्हा डोक्यात येईल तर शपथ!

दाराशी वजनकाटा ठेवलेला. आधी वजन, मग व्यायाम. मी आकडा मोठ्याने वाचायचे आणि तक्त्यावर लिहायचे. कमी भरला तर सोनेरी चांदणी चिकटवायचे. आमच्या शाळेत गुरुजी सगळ्यांचे मार्क असेच वर्गात वाचून दाखवायचे, आणि माणूस त्यानेच सुधारतो अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

आमच्या वॉर्डातल्या सिस्टरही क्लासला यायच्या. जमैकाच्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला कुडकुडताना बघून हाताला धरून कोट घ्यायला दुकानात नेणाऱ्या त्याच. त्यांची आई जुलैत नव्वदीची होणार होती आणि अकरा वर्षांत मायलेकींची भेट नव्हती. तिकीट काढून झालं होतं. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, ब्लडप्रेशर ताब्यात आलं नाही तर विमानात बसायचं नाही.

एका मंगळवारी सिस्टरनी नेहमीप्रमाणे बूट काढले, कानातले काढले, हॅटसुद्धा काढली आणि श्वास रोखून काट्यावर चढल्या. मी खणखणीत आवाजात म्हणाले, "दोन पौंड जास्त! सिस्टर, रविवारी काय काय हादडलंत?" सगळ्या हसल्या. सिस्टरही हसल्या. मग त्यांनी शांतपणे हॅट घातली, कानातले घातले आणि घरी गेल्या.

पुढचे चार मंगळवार त्या आल्याच नाहीत. वॉर्डात भेटल्या की, "बिझी आहे, डार्लिंग." ब्लडप्रेशर तपासायलाही जाईनात, कारण तिथेही आधी काट्यावरच चढवायचे. हे मला वॉर्डातच कळलं. जुलैला जेमतेम तीन महिने राहिले होते, आणि माझ्या फटकळपणापायी या बाईची आईशी भेट हुकणार होती.

त्या शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं? माझी संकष्टी होती, म्हणून डब्यात साबुदाण्याची खिचडी घेतली. सिस्टर स्वयंपाकघरात खारा मासा भिजत घालत होत्या. ओट्यावर यॅम, म्हणजे आपल्या सुरणाचा भाऊच, आणि हिरवी केळी. माझ्या डाएटच्या कागदावर ज्यांच्यावर लाल रेघ होती ते झाडून सगळं तिथे हजर! रेघ नव्हती ती फक्त कॉटेज चीज, लेट्युस आणि पुठ्ठ्यासारख्या बिस्किटांवर.

"डब्यात काय आहे?" सिस्टरनी विचारलं.

"आज माझा उपास आहे ना. उपासाचं आहे."

त्यांनी झाकण उघडलं. साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट आणि वर साजूक तूप. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग माझ्याकडे रोखून बघितलं.

"हा तुझा उपास?"

"हो."

"आणि माझ्या यॅमवर लाल रेघ?"

एकादशी अन् दुप्पट खाशी हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण इतकी मुद्देमालासकट कधी पकडली गेले नव्हते. मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूच आलं. म्हटलं, "सिस्टर, चुकलं माझं. सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतं."

त्या म्हणाल्या, "पोरी, तीस वर्षं मी नर्स आहे. माझं वजन मला माहीत आहे, तू ते हॉलभर ओरडायला नको. मला माझ्या आईला भेटायचंय. त्या पोस्टरमधल्या बाईसारखं दिसायचं नाहीये."

पुढच्या मंगळवारी पोस्टर उतरलं, तक्ता उतरला, काटा कपाटात गेला. लिओटार्डही गेला, नवरा सुटला बिचारा. गुडघेदुखीवाल्यांना खुर्च्या मिळाल्या. गाण्यांच्या टेप बायकांनी आपापल्या आणल्या आणि त्यावर कमरेतून अशा काही नाचायच्या की मागच्या रांगेत मीच धापा टाकायचे. ब्लडप्रेशर एकेकीचं, पडद्याआड, आकडा फक्त तिच्या कानात. मग चहा आणि जेवणाच्या गप्पा. यॅम ताटात राहिला, शेजारी पालेभाजी वाढली, खाऱ्या माशाचं पाणी दोनदा बदलायचं ठरलं. मी मिठावर बोलायला लागले की सिस्टर म्हणायच्या, "आणि तुझं लोणचं?" शेवटी आमच्या घरची बरणी वरच्या फळीवर गेली. नवरा आठवडाभर तोंड फुगवून जेवला. सिस्टर गोळ्या वेळेवर घ्यायला लागल्या आणि बस सोडून चालत ड्यूटीला यायला लागल्या.

जूनअखेर डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला. निघायच्या आधीच्या मंगळवारी सिस्टर भलीमोठी बॅग ओढत हॉलमध्ये आल्या.

"काटा काढ," त्या म्हणाल्या.

घरच्या काट्यावर बॅग कशी तोलायची हे आम्हा परदेशात राहणाऱ्यांना शिकवावं लागत नाही. बॅग ठेवली की आकडा झाकतो, म्हणून आधी आपण एकट्याने चढायचं, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करायची. मी घाईघाईने म्हणाले, "थांबा, मी चढते."

"तुला उचलेल का ती?" म्हणत त्या चढल्याही. बूट, कानातले, हॅट, सगळ्यासकट. "वाच. मोठ्याने."

मी वाचला. त्या पहिल्यांदा क्लासला आल्या होत्या तेव्हापेक्षा फक्त तीन पौंड कमी. सगळ्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की चर्चवाल्या बाई डोकावून गेल्या.

मग बॅगेसकट चढल्या. बॅग सहा पौंड जास्त भरली. "काहीतरी काढावं लागेल," मी म्हणाले.

"विमानवाले माणसांना तोलतात?"

"नाही."

सिस्टरनी बॅग उघडली. आईसाठी घेतलेले दोन कार्डिगन एकावर एक अंगात चढवले, त्यावर भावासाठी घेतलेला जाड कोट, आणि खिशांत साबणाच्या वड्या कोंबल्या. "आता मी जड भरले तर कुणाच्या बापाचं काय जातं?" म्हणाल्या, आणि आम्ही हसून हसून खुर्च्यांवर कोसळलो.

भर जुलैत त्या तशाच विमानात बसल्या. तीन आठवड्यांनी परतल्या तेव्हा माझ्यासाठी एक फोटो आणला. नव्वदीची आई खुर्चीत बसलेली, अंगात कार्डिगन, हातात केकची बशी, आणि देहाने सिस्टरच्या दुप्पट. पोस्टर काढल्यापासून भिंतीवरचा खिळा रिकामाच होता. पुढे नव्वदच्या दशकात क्लास बंद होईपर्यंत त्या खिळ्यावर तो फोटो होता.