दाजींचा धुरळा

मोटार ही टायर जाळण्यासाठी असते आणि माणसांना गावोगाव पोचवणं हा तिचा जोडधंदा आहे, असं मनापासून मानणारा माणूस उभ्या सातारा-सांगलीत एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्याच घरचा जावई निघाला! माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. आम्ही त्यांना दाजी म्हणत असू. माणूस कृष्णाकाठचा, घरचा ऊस, अंगानं थोराड, मिशा अशा की त्यांत अर्धा चहा अडकायचा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी पलटणीचे ट्रक हाकले होते. लढाई संपल्यावर कुणी घड्याळ घेऊन आलं, कुणी ब्लँकेट. दाजींनी मिलिटरीच्या मोडीतून एक हुडाची मोटार घेतली आणि तिच्याबरोबर एक खोड आणली.

खोड अशी. निघायची वेळ झाली की दाजी आधी पुढच्या चाकांना दोन चांगले धोंडे लावायचे. मग गॉगल चढवून आत बसायचे, इंजिन किंचाळेपर्यंत तापवायचे आणि एकदम क्लच सोडायचे. पुढची चाकं धोंड्यांना अडलेली, मागची जागच्या जागी गरागरा फिरायची. आमचं गाव वडूजकडचं, कोरडवाहू. दारात वर वीतभर फुफाटा आणि खाली काळा कातळ. त्यामुळे आधी धुरळ्याचा डोंगर उठायचा, आणि फुफाटा सरला की रबर कातळावर घासून पांढरा धूर निघायचा. कोंबड्या घरात, घरातली माणसं परसात! त्या अंधारातच मोटार धोंड्यांवरून टुणकन उडी मारायची, आणि धुरळा खाली बसेपर्यंत दाजी वेशीपार झालेले असायचे. मी एकदा विचारलं, "दाजी, ह्ये कशापायी वं?" तर म्हणाले, "मेव्हणं, बैल सुदीक वडायच्या आधी पाय खरडतोय. ही तर मोटार हाय. तिला बी वाटत आसंल की जरा."

मोटारीला काय वाटत होतं ते मिरजेच्या मिस्त्रीला ठाऊक. त्या काळात टायरपेक्षा बायको लवकर मिळायची, आणि दाजींचे टायर दर सणाला गोटा होऊन आतलं कापड दाखवायचे. क्लचची तर त्यांनी राखरांगोळी केली होती. मागच्या चाकांचा आक एकदा वडूजच्या भर बाजारात कडाडला, तेव्हा मोटार तिथंच मुक्कामाला राहिली आणि लोकांनी तिला शेळ्या बांधल्या. मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणायचा, "सरकार, गाडी फिरायला घेतलीया का दळायला?" त्याच्या दुकानाशेजारी तंबोरे करणाऱ्याचं घर होतं. दुरुस्त झालेली मोटार दाजींनी त्याच्या दारात एकदा जी गुरगुरवली, की ओटीवर मांडलेले सगळे तंबोरे एकदम झणाणले. तंबोरेवाला धावत बाहेर आला. आता शिव्या बसणार म्हणून मी शेजारच्या सीटवर तोंड लपवलं, तर दाजीच हात जोडून म्हणाले, "वा! काय सूर लागलाय बुवा तुमचा!" तो बिचारा परत आत जाऊन तारा पिळायला लागला.

आता आमच्या आबांविषयी सांगायला हवं. माझे वडील पलटणीतले जुने हवालदार. घरात त्यांचा एकच कायदा होता: माझ्या दारात रडायचं नाही. ताईच्या लग्नात पाठवणीच्या वेळी बायका पदराचे बोळे तोंडात कोंबून उभ्या होत्या. पुढे ती माहेरपणाला आली तरी निघताना तीच तऱ्हा. तिची हनुवटी थरथरली की आबा गरजायचे, "ए, त्वांड सरळ कर!" दाजी पहिल्यांदा मोटार घेऊन तिला न्यायला आले तेव्हा त्यांनी हे पाहिलं. एकदा बायकोकडे बघितलं, एकदा सासऱ्यांकडे, आणि धोंडे शोधायला गेले.

त्या दिवशी त्या धुरळ्यात आई आणि ताई एकमेकींच्या गळ्यात पडून पोटभर रडल्या. धुरळा बसला तेव्हा आम्हा सगळ्यांचेच डोळे लाल, कुणी कुणाला काय म्हणायचं! आबासुद्धा फेट्याच्या शेवानं डोळे पुसत ओरडत होते, "काय धुरळा उडिवतोय ह्यो जावई! डोळं फुटलं की आमचं!"

पुढच्या खेपेला आबांनी दोन दिवस आधीपासून टायरांच्या नासाडीवर व्याख्यान सुरू केलं. पण निघायची वेळ झाली तसे गपचूप येऊन बरोबर मागच्या चाकामागे उभे राहिले. आई म्हणाली, "आवं, तितं नगा हुबं ऱ्हाऊ, सगळा फुफाटा आंगावर यील." आबा म्हणाले, "मला शिकवू नगंस. माजं दार हाय." त्यानंतर दर खेपेला त्यांची जागा तीच. दाजी आरशातून बघायचे, सासरे जागेवर आले की मगच क्लच सोडायचे. यावर त्या दोघांत कधी एक अक्षर बोलणं झालं नाही. अजून कुठे जळक्या रबराचा वास आला की मला आमचं दार आठवतं, तोंडावर पदर घेतलेली आई आठवते.

आई एका उन्हाळ्यात गेली. चार दिवसांच्या तापात गेली. आबांनी सगळं उभं राहून केलं, आल्यागेल्याला पाणी विचारलं, पण डोळ्यांत टिपूस आणलं नाही. अन्नही जात नव्हतं. बारावं-तेरावं उरकलं, ताईची निघायची वेळ झाली, तेव्हा ती मोटारीत बसता बसता दाजींना हळूच म्हणाली, "आबा आजून रडलं न्हाईत. आज चाकं लय येळ फिरवा."

दाजींनी मान हलवली. धोंडे लावले, गॉगल चढवला. आबा मागच्या चाकामागे येऊन उभे राहिले, डोळे आधीच मिटून. इंजिन किंचाळलं. दाजींनी क्लच सोडला. चाकं हललीच नाहीत. इतक्या वर्षांचं जळणं साठलेला तो क्लच नेमका त्या दिवशी संपला होता. खालून नुसता करपट वास आला. दाजींनी पुन्हा केलं, पुन्हा केलं. मोटार जागेवर रडत राहिली.

"आवं, फिरवा की, पावणं," आबा म्हणाले. डोळे मिटलेलेच.

दाजींनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. सासऱ्यांना ते मामा म्हणत. "मामा," ते म्हणाले, "आता न्हाई व्हायचं तिच्यानं."

आबांनी डोळे उघडले. लख्ख ऊन पडलं होतं. गल्ली पार वेशीपर्यंत स्वच्छ दिसत होती.

वेशीपाशी बैल जोडून मोटार वडूजला न्यायची ठरली. वेशीपर्यंत हातांनीच ढकलायची. धोंडे काढले, आणि पहिला हात आबांनीच लावला. दाजी त्यांच्या शेजारी, मी पलीकडे. चार पावलं गेली असतील नसतील, आबांच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. मिशा भिजल्या, सदरा भिजला, तरी हात सोडीनात, पुसायलाही नाही.

"लय धुरळा उडिवता बगा तुमी, पावणं," ते म्हणाले.

"व्हय मामा," दाजी म्हणाले, "आज लयच उडला."

आणि हुडाखालून मागे वळून बघत ताई म्हणाली, "व्हय आबा, कायसुदीक दिसंना झालंय."